खालची ओळ

हरिणी मिसनी कन्नडचं पुस्तक यशूच्या हातात दिलं नाही. माझ्या हातात दिलं.

"रोज एक पान मोठ्यानं वाचून घ्या," त्या इंग्रजीत म्हणाल्या, कारण माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं आहे हे त्यांना ठाऊक होतं. "शाळा उघडायच्या आधी मी स्वतः तिला यातलं एक पान वाचायला सांगणार. वाचलं तर तिसरी. नाहीतर अजून एक वर्ष दुसरीतच राहू दे. शिक्षा नाही हं ही. पाया कच्चा राहिला तर पुढं तिलाच जड जाईल."

यशस्विनी शेजारीच उभी होती, पाण्याच्या बाटलीचा पट्टा बोटाला गुंडाळत. मला वाटलं तिचं लक्ष नाही. स्कूटरवर तिनं मागून विचारलं, "आई, चंदना तिसरीत जाणार ना?"

"हो."

"मग माझ्याशेजारी कोण बसणार?"

मी हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी आम्ही पुण्याहून म्हैसूरला आलो. शरतच्या कंपनीनं इथं ऑफिस उघडलं, त्याचे आईवडील इथलेच, कुवेंपुनगरात स्वतःचं घर, त्यामुळे विचार करायला काही उरलंच नाही. यशूची पहिली पुण्यात झाली होती. मराठी ती अधाशासारखी वाचायची. दुकानांच्या पाट्या, उदबत्तीचा पुडा, माझ्या हातातल्या पेपरची मागची बाजू. इथं आली आणि रस्त्यातल्या सगळ्या पाट्या एकदम मुक्या झाल्या. वर्षभर वर्गात ती फळ्यावरची अक्षरं चित्रं काढावीत तशी उतरवून घ्यायची, आणि अडलं की चंदनाच्या वहीत बघायची. हे मला फेब्रुवारीत कळलं. मी एम.एस्सी. आहे, साताऱ्यात कॉलेजात शिकवलंय, मुलीच्या नखावर पांढरा ठिपका पडला तरी मला दिसतो. आणि हे फेब्रुवारीत कळलं.

सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात असं मी वाचलं होतं, किती विसरतात त्याचे आलेखही पाहिले होते. यशूजवळ तर कन्नडमधलं विसरायलासुद्धा काही नव्हतं. मी फ्रिजवर इंग्रजीत वेळापत्रक लावलं. सकाळी कन्नड, मग पाढे, दुपारी इंग्रजी, मग परत कन्नड.

माझे सासरे, रणोजीराव, कमरेवर हात ठेवून ते वाचत उभे राहिले. "ह्यात जेवण कुठं हाय, मधू?"

"ते मधेमधे आहे, मामंजी."

"आमचे पणजे म्हैसूरच्या महाराजांच्या रिसाल्यात होते. त्यांना सुद्धा घोड्याला गवत टाकून जरा आडवं व्हायला मिळत होतं."

पण मुख्य अडचण वेगळीच होती. शिकवणार कोण? मला कन्नडचा 'अ'सुद्धा ओळखू येत नव्हता. शरत सकाळी जातो तो दिवेलागणीनंतर येतो. मामंजींना बसवून पाहिलं. ते एक ओळ वाचून दाखवत, तिच्यातल्या माकडावरून त्यांना स्वतःच्या लहानपणीचं माकड आठवे, आणि थोड्या वेळात आजोबा-नात दोघं गच्चीवर खारीला शेंगदाणे घालताना सापडत.

मग मीच उपाय काढला. मामंजींनी एकेक ओळ वाचायची आणि मी ती बारीक पेन्सिलीनं, त्या कन्नड ओळीच्या बरोबर खाली, देवनागरीत लिहायची. म्हणजे यशू वरची ओळ वाचेल आणि मी खालची बघून तपासेन. अख्खं पुस्तक असं लिहून काढलं. माझ्या बोटाला घट्टा पडला.

"सोप्पं केलंस की," सासूबाई म्हणाल्या. अंबुबाई त्यांचं नाव, पण मी आत्या म्हणते.

सोपं करून घ्यायची मला सवयच आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात पत्र्याचे जुने डबे आहेत, त्यांच्यावर लाल ऑइलपेंटनं कन्नड अक्षरांत काहीबाही लिहिलेलं. इथं आल्या आल्या मला मीठ कुठलं आणि रवा कुठला कळेना, म्हणून मी प्रत्येक डब्यावर, त्या लाल अक्षरांवरच, माझं लेबल चिकटवलं होतं. मीठ. रवा. तिखट. तेव्हाही आत्या म्हणाल्या होत्या, "चिकटव की. तुला कळाय पायजे, अल्वा." अल्वा, म्हणजे नाही का.

आणि यशू वाचायला लागली. आधी अडखळत, मग सलग. ओळीवर बोट ठेवून, मान डोलवत. एकही चूक नाही. मी शेजारी बसून तिच्या ओठांकडे बघायची आणि पान संपलं की "शाबास" म्हणायची. हत्तीचा धडा तर तिनं असा वाचला की मी तो फोनवर रेकॉर्ड करून हरिणी मिसना पाठवला. त्यांचा अंगठा आला. त्या दिवशी मी आंबे आणले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा मला दुपारी झोप लागली.

येलवालला मल्हाररावांच्या घरी वास्तुशांत होती. ते माझे चुलत सासरे. जेवणं झाल्यावर बायका ओसरीवर बसलेल्या, आणि मल्हाररावांच्या गिरिजाबाईंनी मला टोमणा मारला. "पुण्याची पोर काय गं मधुमिता, अजून कन्नड आलं नाही म्हणे. आमचा कुत्रा पण कन्नडमधे भुंकतो."

सगळ्या हसल्या. मी गप्प बसायला हवं होतं.

"आता फडाफडा वाचते," मी म्हटलं. "ऐका तर खरं."

त्यांची नात वाणी यशूच्याच इयत्तेत, पुस्तकही तेच. तिनं धावत जाऊन दप्तरातून आणलं. कोरं, कव्हर घातलेलं. मी हत्तीचा धडा काढून यशूच्या मांडीवर ठेवला.

यशूनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग तिची नजर खाली सरकली. बोटाच्या खाली, दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेत. तिथं काही नव्हतं. तिनं पान उलटलं, परत आणलं, पुस्तक जरा उजेडाकडे वळवलं. मग माझ्याकडे बघून तिनं सुरुवात केली, भरभर, पाठ असल्यासारखी, आणि तिचं बोट ओळीच्या टोकाला जाऊन पोचलं तरी तोंड अजून अर्ध्यातच होतं.

"ती बोट एकीकडं ठेवतीय," वाणी म्हणाली, "आणि बोलतीय दुसरंच."

कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नाही. यशू थांबली.

"आई," ती हळूच म्हणाली, "ह्या पुस्तकात वाचायचं लिहिलेलंच नाहीये."

"कुठं?"

"खाली."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसली होती. हुणसूर रोडवरची दुकानं मागे जात होती, सगळ्या पाट्या आमच्याकडे बघत होत्या. मग म्हणाली, "मी बरोबर वाचत होते ना? तू रोज शाबास म्हणायचीस."

मी तिला जवळ घेतलं. रोज मी तिच्या ओठांकडे बघत होते. डोळे कुठल्या ओळीवर आहेत, ते एकदाही पाहिलं नाही. तिनं फसवलं नव्हतं. दोन ओळी होत्या, एक तिला येत होती, तिनं ती वाचली. कुणीही तेच केलं असतं.

घरी आल्यावर मी खोडरबर घेऊन बसले. पेन्सिल बारीक होती पण दाबून लिहिलेली. कागद करडा झाला, दोन-तीन ठिकाणी फाटला. शरत ऑफिसमधून आला आणि बूट न काढता माझ्यासमोर बसला.

"खोडून काय होणार आहे?"

"ती खाली बघते."

"मग बघणारच. एक वर्ष गेलं तर गेलं, मधू. मी पण पाचवीत दोनदा बसलोय. काय झालं माझं?"

"तिच्याशेजारी कोण बसणार ते तू सांग तिला."

तो वाकून बूट काढायला लागला. मी खोडत राहिले. हत्तीच्या सोंडेचा थोडा भाग गेला.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. मी मुळाक्षरांचा तक्ता आणला. यशू हुशार आहे, अक्षरं तिनं पटकन ओळखायला घेतली, वेलांट्या-उकारसुद्धा. पण शब्द होईना.

"ए," ती म्हणायची. "ले."

"जोड ना."

"ए. ले. म्हणजे काय?"

मामंजी आतून सांगायचे, "पान गं, झाडाचं."

"मग पान का नाही लिहिलं?"

गल्लीत खेळताना कानावर पडतं तेवढंच कन्नड तिला येत होतं, पुस्तकातलं त्याच्या पलीकडचं होतं. अक्षरांना अक्षरं चिकटवून हाती जे येई, ते तिच्या ओळखीचं नसे. मी आवाज चढवायला लागले. मी बघत होते, फ्रॉकची कॉलर सकाळी दहालाच ओली झालेली असते. ती चावते. मी बघत होते, 'कन्नड' म्हटलं की तिला शू लागते. बघत होते आणि थांबत नव्हते. शाळा उघडायला किती राहिले ते मी फ्रिजकडे न बघताही सांगू शकत होते. एकदा मी तक्ता टेबलावर आपटला आणि म्हटलं, "बस मग दुसरीत, मला काय."

ती रडली नाही. उठली, कपाटातून आपली पुण्याची गोष्टींची पुस्तकं काढली आणि एकेक करून पलंगाखाली सरकवली.

"काय करतेस?"

"मला वाचायचंच नाही. कुठलंच."

मला वाटलं, रुसलीय. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिचं आवडतं मराठी मासिक, कोडं असलेलं पान उघडून, तिच्या ताटाशेजारी ठेवलं. तिनं ते पालथं घातलं आणि त्यावर पाण्याचा पेला ठेवला. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि बादलीच्या काठावर बसले. मी तिला कन्नड शिकवायला निघाले होते आणि तिला येत होतं ते वाचणं मी तिच्याकडून काढून घेतलं होतं. तिसरी, दुसरी, हरिणी मिस, काही डोळ्यांसमोर राहिलं नाही. फक्त तो पेला, आणि मासिकावर उमटत जाणारं त्याचं ओलं वर्तुळ.

उन्हाळ्यात आत्या वर्षाचं तिखट करतात. त्याआधी सगळे डबे मागच्या दारी टबात भिजत घालून घासतात. त्या सकाळी मी मागे कपडे वाळत घालत होते. डबे धुऊन, वाळवून, परत भरून स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ओळीनं मांडले होते, आणि माझी लेबलं मोरीच्या जाळीवर लगदा होऊन पडली होती. आत्या आत चिंच कोळत होत्या, हात बरबटलेले. त्यांनी हाक मारली. "यशू, गुळाचा डबा दे गं."

खिडकीतून मला दिसत होतं. यशूनं मधल्याच एका डब्याचं झाकण उघडलं. मग दुसऱ्याचं. शेवटच्या डब्याला तिला एवढ्या शिंका आल्या की डबा पडता पडता राहिला.

"अय्यो, सगळी झाकणं काय उघडतीस? ताजं तिखट हाय, नाक जाईल. वाच आणि आण."

"मला कन्नड येत नाही, आजी."

"कन्नड कुठलं आलं त्यात? मराठीच हाय ते. माज्या हातानं लिवलंय."

यशू वळली. माझ्या हातातली चादर तशीच राहिली.

माझ्या सासरी कितीतरी पिढ्या मराठी बोलतात, आणि लिहितात ती कन्नड अक्षरांत. दुसरी अक्षरं त्यांना कुणी शिकवलीच नाहीत. आत्यांची आरती, त्यांच्या किराणाच्या चिठ्ठ्या, देवघरातलं भिंतीवरचं ते सगळं मी कन्नड म्हणून सोडून देत आले होते. विचारलंच नव्हतं. वर लेबल लावून मोकळी झाले होते.

यशू पहिल्या डब्यासमोर वाकली. "गू," ती म्हणाली. लाल रंग जरा उडाला होता, तिनं पुढचं अक्षर बोटानं पुसून पाहिलं. "गू... ळ." ती सरळ झाली. "गूळ?"

झाकण उघडलं. बोट घातलं, चाटलं. आत्यांनी मान वर केली नाही, त्या चिंच कोळत होत्या.

"मी... ठ. मीठ." उघडलं, बघितलं, बंद केलं. "र. वा. रवा, आजी!" शेवटच्या डब्यापुढे ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. "ति... ख..." आणि एकदम दोन्ही हात पाठीमागे घेतले. "हा मी नाही उघडणार."

आता धावत जाऊन पुस्तक आणावं, तापल्या तव्यावर लगेच पोळी टाकावी, असं मला इतकं वाटलं की मी कपड्यांची दोरी घट्ट धरून ठेवली. आत गेले असते तर मी सगळं बिघडवलं असतं. एवढं मला आता स्वतःबद्दल कळलं होतं.

"आजी, अजून लिही," यशू म्हणाली.

आत्यांनी हात धुतले आणि रांगोळीच्या खडूनं कडाप्प्यावर काहीतरी लिहिलं. यशूनं ते एकेक अक्षर जोडत वाचलं, "यशूला... कारलं... आवडत... नाही," आणि खदखदून हसली. तिचं ते हसणं मी विसरून गेले होते.

त्या दिवसापासून दोघींचा तो उद्योगच झाला. सकाळी कडाप्प्यावर नवीन ओळ. मामंजी पलीकडून उत्तर लिहायचे. एकदा मी चहा करायला गेले तर तिघं खालच्या ओळीकडे आणि माझ्याकडे बघून हसत होते.

"काय लिहिलंय?"

"वाच की," आत्या म्हणाल्या.

"आईला येत नाही," यशू म्हणाली. तिच्या तोंडावर समाधान होतं, मी लपवणार नाही, मला ते बरं वाटलं.

त्या दुपारी मी तोच मुळाक्षरांचा तक्ता घेऊन स्वतः बसले. पलंगाखालून एक गोष्टीचं पुस्तक बाहेर आलेलं मी पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं. शेवटच्या दिवसांत तिनं आपण होऊन ते फाटकं, करडं कन्नडचं पुस्तकही काढलं. फार सावकाश. दोन ओळींत दमायची. शब्द लागला नाही तर आजोबांना विचारायची, आणि आजोबा, देवाची दया, माकडाकडे वळायचे नाहीत. पूर्ण पान एकदाही झालं नाही. मी शाबास म्हटलं नाही. मी तिचे डोळे बघत होते.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी हरिणी मिसनी बोलावलं होतं. वर्गात रंगाचा वास, बाकं एकावर एक ठेवलेली. त्यांनी नवं कोरं पुस्तक काढलं, हत्तीचा धडा सोडून पुढचंच पान उघडलं आणि मला दाराबाहेर थांबायला सांगितलं.

मी चौकट धरून उभी राहिले. यशूनं ओळीवर बोट ठेवलं. तिची नजर खाली गेली, त्या रिकाम्या जागेत. तिथंच थांबली ती, मला वाटलं आता ती वळून माझ्याकडे बघणार आणि म्हणणार, नाहीये.

नजर वर आली.

"ह... ळ्ळि."

"हळ्ळि अंदरे?" मिसनी विचारलं. म्हणजे काय ते सांग.

"गाव," यशू मराठीत म्हणाली आणि जीभ चावली.

मिस हसल्या नाहीत, पण त्यांनी पुढं व्हायची खूण केली. ती पुढं गेली. एकेक अक्षर, जड दगड उचलून ठेवावा तसं. मध्ये एका शब्दावर इतकी अडली की बाहेर झाडणाऱ्या बाईंचं अख्खं अंगण झाडून झालं. चार ओळी. पाचव्या ओळीच्या मध्यावर तिनं बोट उचललं आणि म्हणाली, "मिस, दमले."

थोड्या वेळानं हरिणी मिस बाहेर आल्या. "पान पूर्ण झालं नाही."

"नाही," मी म्हटलं.

"तुम्ही पाठवलेलं ऐकून मला वाटलं होतं आज भरभर वाचेल."

"ती ते वाचत नव्हती, मिस. आज वाचलं."

"मला दिसलं ते," त्या म्हणाल्या. "तिसरीत बसू दे तिला. दसऱ्याच्या सुट्टीआधी परत बघेन. तेव्हा पूर्ण पान हवं."

"आणि तेव्हा नाही झालं तर?"

"नोडोण," त्या म्हणाल्या. बघू.

फाटकापाशी नोटीस बोर्डावर कन्नडमध्ये मोठा कागद लावलेला होता. मी स्कूटरची किल्ली शोधत होते. दसरा काही फार लांब नाही.

"आई, हे वाच," यशू म्हणाली.

मी पाहिलं. "शा... ला..." पुढचं जोडाक्षर होतं. मला येईना. यशू पाण्याच्या बाटलीचा पट्टा बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि माझ्याकडे, माझ्या डोळ्यांकडे, बघत राहिली.

"घाई नाही," ती म्हणाली. "नाही आलं तर तू बस दुसरीत."

मी परत पहिल्या अक्षरापासून सुरू केलं.